बशीत किती सांडला

तेव्हा तिथे कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी बोलायला नको की म्हातारी वाढवून सांगते. मी होते. पारू होती, शिवडीला राहणारी, मूळची मालवणची. शेवंता होती काळाचौकीची. आम्ही तिघी गवत कापणाऱ्या. गेटवरचा वॉचमन यादव होता. सोसायटीचा मॅनेजर होता, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारा. आणि आमचा मुकादम होता. गोष्ट त्याचीच आहे, पण नाव सांगत नाही. त्याला कोणी नावाने हाक मारलेली आवडायची नाही, बँकेतल्या बाईने मारली तरी रागवायचा. तोंडावर आम्ही त्याला तुम्ही बोलायचो आणि पाठीमागे तो. आता मी तोच बोलते.

परळला एक टॉवर आहे. गाड्या ठेवायच्या जागेच्या डोक्यावर माती टाकून त्यांनी बाग केलीय, वर हिरवळ आणि खाली गाड्या. तिथे मी कामाला लागले तेव्हा माझे मालक, म्हणजे नवरा, जाऊन वर्ष झालं होतं. आधी मालकांची गिरणी गेली, मग त्यांचं पिणं वाढलं, मग ते गेले. मुलगी लग्न होऊन नालासोपाऱ्याला. मी त्याच्या आधी लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ खुडायचे. रात्री हाताची आग व्हायची, पण सवय झाली होती. मग खोकला लागला आणि डॉक्टर बोलला, मिरची सोडा. मी बोलले, खायची का खुडायची? तो बोलला, दोन्ही. म्हणून गवतात आले.

पहिल्याच दिवशी मुकादमाने माझ्या चपला काढायला लावल्या. "हिरवळीवर अनवाणी," बोलला. "तुझ्या डोक्यावर कोणी चप्पल घालून उभं राहिलं तर?" हे तो फक्त आम्हाला नाही, टॉवरमधल्या लोकांना पण सांगायचा. एकदा एक मॅडम कुत्रा घेऊन आल्या. मुकादम बोलला, "मॅडम, तुमचा कुत्रा साचेखात्यात मुतला." त्यांना काय कळणार. टॉवरच्या जागी आधी गिरणी होती, तो तिच्यात साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणायचा, आणि त्याच्या हिशोबाने साचेखातं अजून तिथेच होतं, फक्त वर गवत आलं होतं. आम्हाला पण तो दिशा तशाच सांगायचा. "पारू, तू बॉयलरकडून खुरपत ये." पारू मला विचारायची, "बॉयलर खंय गो?" मी बोलायचे, जिथे ती प्लास्टिकची घसरगुंडी आहे ना, तिथे.

बोलायचा मोठ्याने. साच्यांच्या आवाजात आयुष्य गेलं, कान अर्धे गेलेले. आणि शर्टाची बटणं कायम चुकलेली, एक बाजू वर, एक बाजू खाली. शेवंता बोलायची, "मुकादम, बायको नाय का बघत घरातून निघताना?" तो बोलायचा, "शर्टाला माहीत आहे कुठे जायचंय ते."

आणि चहा. त्याच्या पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेली कपबशी असायची, पांढरी, कपाचा कान तुटलेला. टपरीवरच्या ग्लासात चहा पीत नसे. आपला कप पुढे करायचा आणि बोलायचा, "अर्धा भर." कटिंग म्हणजे आधीच अर्धा चहा, त्यातला हा अर्धा. आम्हाला वाटायचं कंजूस आहे. पारू तर त्याला मागून पाव-चहा बोलायची. टपरीवाला पण वैतागायचा, की काका, एवढ्यात तर माशी पण बुडणार नाही.

तर आता मशीनचं सांगते.

आम्ही गवत विळ्याने कापायचो, उकिडवं बसून, आणि कडेला मोठी कात्री. चांगलं कापायचो. पण हाताने कापलेलं कसंही असलं तरी हाताचं दिसतं. तिघींचे तीन हात, तीन उंच्या. टॉवरच्या लोकांचा मोबाईलवर ग्रुप होता. त्यात कोण तरी रोज सकाळी आमच्या गवताचा फोटो टाकायचं. मॅनेजर फोन घेऊन पळत यायचा.

"मुकादम, हे बघा. बेसिकली लोकांना कार्पेट पाहिजे, कार्पेट."

"मग दुकानातून कार्पेट आणा. पाणी पण घालायला नको."

पावसाळा संपत आला तसं मॅनेजरने सरळ सांगितलं. कोजागिरीला सगळी बिल्डिंग हिरवळीवर बसून दूध पिणार. तोवर मशीन आणा आणि गवत एकसारखं करून दाखवा. नाही झालं तर ठाण्याची एक कंपनी आहे, तिच्याकडे बसून चालवायच्या मोठ्या गाड्या आहेत, बाग तिला. म्हणजे आम्ही चौघं घरी. पारूचा नवरा डायलिसिसवर. शेवंताची दोन नातवंडं तिच्याच जिवावर. माझं काय, मी एकटी, पण एकटीला पण चूल असते.

दुसरा कोणी असता तर दुकानात गेला असता आणि मशीन घेऊन आला असता. मुकादमाने आम्हा तिघींना सांगितलं, उद्या चांगली लुगडी नेसून या, नागदेवीला जायचंय, मशीन बघायला.

"आम्ही कशाला?" शेवंता बोलली.

"चालवणार तुम्ही, बघणार तुम्ही. मी काय नुसता मामा."

पारूने तर गजरा माळला होता.

नागदेवीला मशिनरीची दुकानं. पहिल्या दुकानातला माणूस नवीन पोरांसारखा इंग्रजीत बोलायला लागला. बॅटरीवरचं मशीन दाखवलं, धूर नाही, आवाज नाही. मुकादम त्याच्याभोवती फिरला आणि बोलला, "आवाज नाही, तर हे दमलंय ते कळणार कसं?" माणूस बोलला, लाईट लागते, काका. मुकादम बोलला, "माझा मोबाईल दुपारी मरतो, त्याला पण लाईट आहे."

दुसऱ्या दुकानात पेट्रोलवरचं, मोठं, स्वतःहून पुढे चालणारं. दिसायला बैलासारखं. मुकादम बोलला, "कंपनी, उचला." आम्हाला तो कंपनीच बोलायचा. दुकानदार बोलला, याला उचलायचं नसतं, हे चालतं. मुकादमाने त्याला विचारलं, "जिने चढतं?" कारण सामानाची लिफ्ट पार्किंगपर्यंतच, तिथून बागेत यायला पायऱ्या. आम्ही तिघींनी हात लावला. पारू बोलली, "अगो आये." शेवंताने काही तरी बोलून दुकानदाराच्या सात पिढ्या आठवल्या. मी उचललं, पण जेवढं उचलायचं तेवढंच. मुकादम माझ्याकडे बघत होता. बोलला, "हिने तोंड वाकडं केलं नाही. ही चालवणार. पण हे नको."

मग खरी परीक्षा. प्रत्येक दुकानाबाहेर फुटपाथवर तो मशीन चालू करायला लावायचा. पिशवीतून टॉवेल काढायचा, टॉवेलातून कपबशी. शेजारच्या टपरीवरून चहा मागवायचा, आणि आम्ही त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते बोलायचा, "पूर्ण भर, काठोकाठ." ती कपबशी चालू मशीनच्या पत्र्यावर ठेवायची आणि बघत उभं राहायचं. गर्दी जमायची. मशीन गुरगुरतंय, कप नाचतोय, चहा बशीत सांडतोय. एक हातगाडीवाला बोलला, "ये क्या, चाय का भूत उतार रहा है?"

एका शेठने शेवटी हात जोडले. "काका, गवत कापायचंय का चहा करायचाय?"

"गवत तर कुठलं पण मशीन कापेल," मुकादम बोलला. "बशीत किती सांडतो ते सांग."

शेठ बोलला, इंजिन आहे म्हणजे सांडणारच. मुकादम बोलला, ते मला शिकवू नका, किती ते सांगा. आणि बशीतला चहा तो डोळ्यांजवळ नेऊन बघायचा, डॉक्टर रिपोर्ट बघतो तसा. मग ती बशी पारूला द्यायचा. पारू प्यायची. त्या दिवशी पारू एवढा चहा प्याली की रात्री झोपली नाही, असं तिनेच सांगितलं.

असं आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. दुकानदार आम्हाला लांबून ओळखायला लागले, कोणी कोणी शटर अर्धं खाली घ्यायचे. मुकादम प्रत्येकाला विचारायचा, पातं घासायला कोण, पट्टा कुठे मिळतो, इथून चालत जाऊन मिळतो का. साधा पाना लावून माझ्यासमोर पातं काढून दाखव बोलायचा. एक मशीन परदेशी होतं, फार सुंदर, लाल. त्याचा स्क्रू पण परदेशी, त्याला लागणारा पाना पण परदेशी. मुकादमाने त्याला हात पण लावला नाही. "आजारी पडलं की विमानाने न्यायचं?" बोलला.

शेवटी एक मिळालं. हिरवं, मध्यम, दोघींना उचलवेल असं. शेठ म्हातारा होता. तो दुसऱ्यांसारखा हसला नाही. मुकादमाने जुनी सायकलची ट्यूब मागितली, इंजिनाच्या आणि दांड्याच्या नटाखाली तिचे तुकडे घालायला लावले, तर शेठने स्वतः कापून दिले. मग कपबशी ठेवली. मशीन बराच वेळ चाललं. बशीत एक घोट आला. मुकादमाने बशी आम्हा तिघींना दाखवली, एकेकीला, नवस फेडल्यासारखी.

"घ्या मग," शेठ बोलला.

"आज कसं घेणार? पितृपक्ष आहे."

"मशीनला कसला पितृपक्ष?"

"त्याला नसेल. मला आहे."

म्हणून मशीन दसऱ्याला आलं. दसऱ्यानंतर कोजागिरी, मधे किती दिवस असतात ते तुम्हीच बघा.

दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा व्हायची आणि त्या दिवशी साचा कोणी चालवत नसे. मुकादमाने तोच कायदा लावला. मशीनला हळदकुंकू, झेंडूचा हार, आपट्याची पानं. शेवंता बाजूला उभी. ती बुद्धाची, ती असल्यात नाही. बोलली, "मी पाया पडणार नाय, पण पुसून देते," आणि फडक्याने मशीन असं चकचकीत पुसलं की आमच्या पूजेपेक्षा तेच बरं दिसत होतं. पारूने घरून पंचामृत आणलं होतं.

मुकादम बोलला, "पहिला घास मशीनला."

पारूने मशीनभोवती चक्कर मारली. "ह्येचा तोंड खंय?"

मुकादमाने क्षणभर विचार केला. आता मला वाटतं, तेवढाच क्षण त्याचं डोकं चाललं नाही. एवढी दुकानं पालथी घातलेला माणूस, पण समोर हार घातलेलं मशीन, जुन्या जागेवर. डोळे भरले होते त्याचे. बोलला, "जिथून पितं ते तोंड." आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं आणि पळीभर पंचामृत आत घातलं.

शेवंता बोलली, "साखर कशाला पाजताय, शुगर होईल त्याला."

सगळे हसलो. मुकादम पण.

दुसऱ्या दिवशी दोरी ओढली. मशीन खोकलं, मी खोकायचे तसं, आणि गप्प झालं. परत ओढली. गप्प. मुकादम बोलला, नवीन आहे, लाजतंय. त्याच्या दुसऱ्या दिवशी बोलला, हवा दमट आहे. मग बोलला, पेट्रोल पंपावरच लबाडी असेल. आम्हाला तिघींना माहीत होतं काय झालंय ते, त्याला पण माहीत होतं, पण बोलेना कोणी. शेठला फोन करा बोललं तर नाही बोलायचा. काय सांगणार, दही घातलं? आणि तोवर आम्हाला विळ्याने पण कापू देईना. "मशीन आहे ना," बोलायचा. दुकानं फिरण्यात आधीच वाढलेलं गवत चांगलं घोट्याच्या वर आलं. ग्रुपवर फोटो चालूच.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी सकाळी मॅनेजर आला. ठाण्याच्या कंपनीला फोन केलाय, बोलला, संध्याकाळी त्यांचा माणूस बाग बघायला येणार. दुधाची ऑर्डर गेलीय, लोक बसणार कुठे, या जंगलात? त्याचा आवाज रागाचा नव्हता, रडवेला होता. त्याची पण नोकरीच ती.

शेवंता उठली आणि मुकादमाच्या समोर जाऊन बोलली, "मुकादम, खोला आता ते. नायतर मी सांगते सगळ्यांना काय पाजलंत ते."

मुकादमाने पाना काढला. टाकी उपडी केली, आतून काय काय आलं ते सांगत नाही. मोठे नट त्याने भराभर खोलले. मग कार्बोरेटर खोलला. त्यात एक पितळेची नळी असते, शेंगदाण्यापेक्षा लहान, तिला सुईच्या नाकाएवढं भोक. ते भोक मध आणि तुपाने बंद. वायरीतली एक तार काढून ते साफ केलं, तेवढं शेवंताने धरून दिलं. आता नळी परत बसवायची. मुकादमाने नळी चिमटीत घेतली आणि ती पडली. उचलली, परत पडली. तिसऱ्यांदा पडली ती गवतात गेली.

मग आम्ही सगळे गुडघ्यांवर. मी, पारू, शेवंता, यादव गेट सोडून आलेला, आणि मॅनेजर पँट वर ओढून. मॅनेजर बोलतो, "माझा चष्मा कुठाय, मला दिसत नाहीये." पारू बोलली, "डोक्यार बघ रे बाबा." घोट्यापर्यंत गवत, त्यात शेंगदाण्याएवढी नळी. वरच्या गॅलरीतून कोण तरी फोटो काढत होतं.

शेवटी शेवंता ओरडली, "आई गं." नळी तिच्या तळव्याला लागली. अनवाणी होती म्हणून.

मुकादमाने हात पुढे केला नाही. हात मागे घेतला आणि पाठीशी धरला. मी तेव्हा पहिल्यांदा त्याचे हात बघितले. इतकी वर्षं बघत होते, पण बघितले तेव्हा. बोटं थरथरत होती, आतून, थांबतच नव्हती. त्याने सांगितलं, हळू आवाजात, म्हणजे त्याच्या हिशोबाने हळू. गिरणी गेल्यावर त्याने रस्ते फोडायचं मशीन धरलं होतं, ते ढकढक करणारं. बरीच वर्षं. मशीन बंद व्हायचं, पण हातात चालूच राहायचं. आता बंदच होत नाही. बटण लागत नाही. भरलेला कप तोंडापर्यंत जात नाही.

मला बोलला, "तू लाव."

"मला कुठं येतं?"

"मिरच्या खुडल्यास ना? मी सांगतो. तू नुसते हात दे."

मी बसले. तो सांगत गेला, डावीकडे, थोडं अजून, जोर नको, जोर नको बोललो ना. बोटांनी काम केलं. देठ खुडण्यापेक्षा सोपं होतं, डोळे चुरचुरत नव्हते. सगळं बंद केलं, नवीन पेट्रोल घातलं. यादवने दोरी ओढली. मशीन खोकलं, परत खोकलं आणि लागलं.

मुकादमाने पिशवीतून काळे गमबूट काढले. आयुष्यभर आम्हाला अनवाणी चालवणारा माणूस, मला बोलला, "बूट घाल. पात्यासमोर लाड नाहीत." मी पदर खोचला, बूट घातले आणि साचेखात्याच्या टोकाकडून चालायला लागले. आधी पातं वर ठेवून, मग खाली करून दुसऱ्यांदा. गवत ओलं होतं, मधे मधे थांबून साफ करावं लागलं. पारू आणि शेवंता मागून टोपली भरत होत्या. ऊन चढलं. दुपार झाली तेव्हा शेवटची पट्टी कापली आणि मशीन बंद केलं. वाकून बघितलं तर खरंच एकसारखं, नवीन केस कापलेल्या पोराच्या डोक्यासारखं.

मॅनेजर बोलला, "मुकादम, बघा ना. काय झालंय."

मुकादम तिकडे बघतच नव्हता. यादव कपबशी घेऊन येत होता, तोच कान तुटलेला कप, काठोकाठ भरलेला, दोन्ही हातांत धरून, एक पाऊल एक पाऊल. मुकादम मला बोलला, "धर. बशी नको, नुसता कप धर."

मी धरला. सगळे बघत होते. मला तर लाज वाटली, घामाने भिजलेली, पायात गमबूट. चहा वरवर हलला, काठाला लागला आणि थांबला. सांडला नाही.

मॅनेजर परत बोलला, "गवत बघा, मुकादम."

"गवत वाढेल परत," तो बोलला. माझ्या हाताकडे बघत होता. मग त्याने बशी पुढे केली. "अर्धा ओत मला."

मी ओतला. बशी त्याने दोन्ही हातांनी धरली आणि प्यायला. थोडा शर्टावर सांडला, चुकलेल्या बटणांवर. पारूने पदराने पुसायला हात पुढे केला, तो बोलला, "राहू दे, शर्टाला माहीत आहे."

संध्याकाळी ठाण्याचा माणूस आला, बाग बघितली आणि चहा पिऊन गेला. बाग आमच्याकडे राहिली, माझे गुडघे जाईपर्यंत. कोजागिरीला लोक बसले होते. मॅनेजरने आम्हाला पण दूध ठेवलं होतं.

मुकादम पुढे गावाला गेला. तिथून तो वारल्याचं पारूच्या फोनवर कळलं. पारूने मला सांगितलं, मी शेवंताला सांगितलं. त्या दिवशी आम्ही तिघी टपरीवर गेलो आणि अर्धा-अर्धा चहा घेतला. टपरीवाला बोलला, आता तुम्ही पण?

आता टॉवरमध्ये नवी माणसं आहेत. पाठीला पट्ट्याने मशीन बांधून फिरतात, दिवसभर. मी कधी कधी गेटवर जाऊन बसते, यादव अजून आहे. मला गवत नाही दिसत, त्यांचे हात दिसतात.

जे कोणी हे वाचाल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या बागेत, रस्त्यावर कोणी मशीन चालवून थांबला आणि तुम्ही त्याला चहा दिलात, तर कप अर्धाच भरा. संपला की परत भरा.